व्हेराक्रूझची रीतसर पाहणी

प्रेक्षणीय स्थळांविषयी माझ्या मनात पूर्वापार एक धास्ती वसत आली आहे. आणि ती त्या स्थळांची नसून, ती पाहून परत आल्यावर ज्यांच्यापुढे जबानी द्यावी लागते त्या आप्तेष्टांची आहे. मनुष्याने पदरचे द्रव्य खर्चून, रजेचा अर्ज मंजूर करून घेऊन, आगगाडीत पाय मुडपून रात्र काढून हंपी पाहून यावी, आणि दारात पाऊल टाकताच शेजारच्या गृहस्थांनी चष्मा पुसत विचारावे, "अमक्या देवळामागची ती लहानशी विहीर पाहिलीत ना?" आपण नाही म्हणताच त्यांच्या मुद्रेवर अनुकंपा आणि विजय यांचे जे संमिश्र तेज प्रकट होते, त्यापुढे आपण पाहिलेली सारी हंपी निस्तेज होऊन जाते. "अरेरे! मग पाहिलेत काय?" असे म्हणून ते चष्मा पुन्हा चढवतात आणि प्रकरण निकालात निघते. ती विहीर खुद्द त्यांनी तरी पाहिली होती की नाही, हे विचारण्याचे धैर्य आजवर कोणाला झालेले नाही.

माझ्या भाऊजींनी या आपत्तीचा कायमचा बंदोबस्त करून ठेवला आहे. भाऊजींची सारी हयात महसूल खात्यात गेली. ते तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, परंतु ही निवृत्ती केवळ सरकारी दप्तरापुरती असून घरात आणि प्रवासात त्यांचा अंमल पूर्ववत जारी आहे. प्रवासास निघण्यापूर्वी ते एक वही आखून घेतात. तीत अनुक्रमांक, स्थळाचे नाव, चतुःसीमा, पाहिल्याची वेळ आणि शेरा असे रकाने असतात, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन पंचांच्या सह्यांसाठी जागा राखलेली असते. हे पंच म्हणजे माझी आक्का आणि मी. या वहीत ताजमहालाची नोंद आहे. शेऱ्याच्या रकान्यात "इमारत सुस्थितीत, गळती आढळून आली नाही" असे लिहिलेले असून त्याखाली माझी सही आहे. त्या सहीचे मला भूषण वाटत नाही. पण ती केल्याखेरीज त्या दिवशी जेवण मिळण्याचा संभव नव्हता.

माझा भाचा मेक्सिकोत पुएब्ला येथे मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही तिकडे गेलो. तेथील चर्चांचा भाऊजींनी सपाट्याने निकाल लावला. आणि मग, इतक्या लांब येऊन समुद्र न पाहता जाणे कागदोपत्री शोभणार नाही असा मुद्दा निघून, मेक्सिकोच्या आखातावरील व्हेराक्रूझ या पुरातन बंदराची पाहणी मुक्रर झाली. वाटेत ओरिझाबाचे शिखर लागते. त्याची उंची ५,६३६ मीटर आणि मेक्सिकोतील पर्वतांत त्याचा मान पहिला. आम्ही गेलो त्या दिवशी तेथे ढगांखेरीज काही नव्हते. भाचा म्हणाला, "बाबा, त्या ढगांमागे आहे ते." भाऊजींनी ढगांकडे, गैरहजर राहिलेल्या कोतवालाकडे पाहावे तसे पाहिले आणि वहीत शेरा मारला: "तहकूब."

पठारावरून मोटार दोन हजारांहून अधिक मीटर खाली उतरली तसे आक्काच्या अंगावरचे लोकरीचे कपडे एकामागून एक उतरून माझ्या मांडीवर जमा झाले, आणि व्हेराक्रूझच्या वेशीत शिरताना मी एखाद्या फिरत्या दुकानाची कळा धारण केली होती.

या शहराचा पूर्वेतिहास भाऊजींना अनपेक्षितपणे पसंत पडला. एर्नान कोर्तेस १५१९ च्या गुड फ्रायडेच्या सुमारास या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्यापाशी मुलूख जिंकण्याचा अधिकार नव्हता. क्यूबाच्या सुभेदाराने त्याला मर्यादित कामगिरीवर धाडले होते आणि तोही हुकूम मागाहून फिरवू पाहिला होता. तेव्हा या धूर्त गृहस्थाने काय करावे? त्याने वाळूच्या टेकड्यांत, जेथे एक घर नव्हते, तेथे एका नगराची स्थापना जाहीर केली. त्या नगराचे पंच आपल्याच माणसांतून नेमले. आणि त्या पंचांकडून, थेट राजाच्या नावाने, स्वतःची सरसेनापतिपदी नेमणूक करून घेतली.

"कागद आधी आणि गाव मागाहून!" भाऊजी सद्गदित होऊन म्हणाले. "हा मनुष्य आमच्या खात्यात हवा होता."

पुढे या गावाने आपल्या बदल्याही करून घेतल्या. प्रथम ते उत्तरेकडे एका ठिकाणी बसले, तेथून आज ला अँटिग्वा म्हणतात त्या नदीकाठच्या जागी गेले, आणि सोळावे शतक सरता सरता पुन्हा मूळ किनाऱ्यावर, हल्लीच्या ठिकाणी रुजू झाले. अटलांटिकपलीकडून मेक्सिकोला येणारा कोणीही शतकानुशतके याच दरवाजातून आत शिरे, आणि येथे पिवळ्या तापाची साथ कायमची मुक्कामाला असल्याने शिरताक्षणीच डोंगराकडे धूम ठोके. १८४७ मध्ये अमेरिकन फौजेने हे शहर वेढा देऊन घेतले, ते घेतल्यावर सेनापतीला पहिली चिंता पडली ती तापाचा मोसम सुरू होण्यापूर्वी येथून निघण्याची. १८६४ मध्ये बादशहा म्हणवून घेण्यासाठी आणलेला माक्सिमिलियन आणि त्याची राणी कार्लोता येथे उतरली, तेव्हा गावाने इतके थंडे स्वागत केले की त्या उभयतांनीही फार वेळ काढला नाही. पाचशे वर्षे घाईत असलेली माणसे पाहून पाहून या शहराला घाईचा जो वीट आला आहे, तो येथल्या प्रत्येक बाकावर बसलेला दिसतो. आमच्या वहीला या गावात प्रथमपासूनच प्रतिकूल हवा लागली ती अशी.

शहराच्या अधिकृत नावामागे "चार वेळा वीर" अशी पदवी आहे. १८२५, १८३८, १८४७ आणि १९१४ या चार प्रसंगी परकीयांशी दिलेल्या झुंजीबद्दल ती मिळाली. "चार वेळा!" भाऊजी म्हणाले. "आमच्या आजोबांना रावसाहेबकीसाठी अकरा वर्षे अर्ज करावे लागले."

पाहणीचा अनुक्रमांक पहिला सान हुआन दे उलुआ या जलदुर्गाचा होता. बंदराच्या वखारी आणि मालाच्या पेट्यांच्या उतरंडी यांतून वळसे घेत मोटार एकदम त्या काळवंडलेल्या तटापाशी जाऊन उभी राहते. हा किल्ला समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधला आहे. हात लावून पाहिला तर चिऱ्यात मेंदूच्या वळ्यांसारख्या प्रवाळाच्या नक्ष्या जशाच्या तशा दिसतात. १५३५ पासून त्याचे बांधकाम चालू झाले आणि पुढे दोन-अडीच शतके ते चालूच राहिले, हे ऐकून भाऊजींनी सार्वजनिक बांधकाम खात्याविषयी एक उद्गार काढला, तो येथे गाळतो. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला. तरी या किल्ल्यातील स्पॅनिश शिबंदी १८२५ च्या नोव्हेंबरपर्यंत तळ ठोकून होती आणि मधून मधून समोरच्या शहरावर तोफाही डागत होती.

"म्हणजे मालकी बदलली, फेरफार मंजूर झाला, पण कब्जा सुटला नाही," भाऊजींनी निकाल दिला. "कुळाने जागा सोडायला चार वर्षे लावली. मुंबईच्या मानाने लवकरच."

पुढे या किल्ल्याचा तुरुंग झाला. तेथल्या कोठड्यांना स्वर्ग, शुद्धिलोक आणि नरक अशी नावे कैद्यांनी दिली होती. भाऊजींनी तिन्हींची मोजणी केली. मोजणीची टेप आक्काने एका टोकाला धरायची आणि मी दुसऱ्या टोकाला, असा रिवाज आहे. छतातून चुन्याचे पाणी शतकानुशतके ठिबकून लोंबते सुळके तयार झाले आहेत, त्यांतले पाणी माझ्या टाळूवर नेमाने पडत असता मी नरकाची लांबी धरून उभा होतो. बेनितो हुआरेझ यालाही हद्दपारीपूर्वी १८५३ मध्ये या किल्ल्यात डांबले होते, आणि तोच हुआरेझ सहा वर्षांनी याच शहरात बसून साऱ्या देशासाठी सुधारणेचे कायदे जारी करत होता, असे वाटाड्याने अभिमानाने सांगितले. भाऊजींचे लक्ष तेव्हा माझ्या हातातील टेप सैल पडल्याकडे होते.

परंतु १८३८ चे प्रकरण निघाले तेव्हा मात्र त्यांनी टेप गुंडाळली. राजधानीलगतच्या ताकुबाया गावी एका फ्रेंच हलवायाचे पेस्ट्रीचे दुकान होते. मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्यांनी ते लुटले, अशी त्याची तक्रार. स्थानिक दाद लागेना, म्हणून त्याने आपल्या राजाकडे अर्ज केला. अशाच इतर फ्रेंच प्रजाजनांचे दावे त्यात मिळवून फ्रान्सने सहा लक्ष पेसोंची मागणी केली, ती पुरी होईना तेव्हा बंदराची नाकेबंदी केली, आणि नोव्हेंबरात याच किल्ल्यावर तोफांचा भडिमार करून तो घेतला. इतिहासात यास पेस्ट्रीचे युद्ध असेच म्हणतात.

तीस वर्षे नुकसानभरपाईचे अर्ज तपासण्यात घालवलेला मनुष्य हे ऐकून स्वस्थ कसा बसेल? भाच्याच्या मुखातून उलटतपासणी सुरू झाली.

"दुकानाची किंमत किती होती?"

"हजार पेसोंच्या आतबाहेर, असे सांगतात."

"आणि त्याची मागणी?"

"साठ हजार."

भाऊजी तटाला टेकले. "आमच्याकडे गारपिटीत एक कलम मोडले की अर्जात आमराई मोडते, हे मला ठाऊक आहे. पण साठपट! विचार त्याला, पंचनामा झाला होता का?"

भाच्याने विचारले. वाटाड्या म्हातारा होता, त्याने टोपी काढून डोके खाजवले आणि गंभीरपणे उत्तर दिले, "पंचनामा झाल्याचे ऐकिवात नाही. पण आरमार आले होते."

"शेवटी रक्कम दिली?"

"इंग्रजांच्या मध्यस्थीने १८३९ मध्ये द्यायची कबूल केली."

"म्हणजे दिली नाही," भाऊजी समाधानाने म्हणाले. जगातील सर्व सरकारांविषयी त्यांना जो बंधुभाव वाटतो, तो त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत तरळत होता.

याच लढाईत सेनापती सांता आना याचा पाय तोफेच्या माऱ्याने गेला. या गृहस्थाने तो पाय वाया जाऊ दिला नाही. पुन्हा सत्तेवर आल्यावर १८४२ मध्ये त्याने तो उकरवून राजधानीत नेला आणि लष्करी इतमामाने, भाषणे आणि कवने यांच्या गजरात, त्याचे दफन करविले. दोन वर्षांनी त्याच्यावर रुष्ट झालेल्या जमावाने तो पाय बाहेर काढून रस्त्यांतून फरफटत नेला. त्याचा दुसरा, म्हणजे कृत्रिम, पाय १८४७ मध्ये सेरो गोर्दोच्या लढाईत अमेरिकनांच्या हाती लागला आणि तो आजही इलिनॉयमधल्या एका लष्करी संग्रहालयात आहे. मला यात पुरुषाच्या कीर्तिलोभाचे एक उदात्त उदाहरण दिसत होते आणि मी त्यावर दोन शब्द बोलणारही होतो. तोच आक्काने, जिने आतापर्यंत केवळ टेप धरली होती, एकच प्रश्न विचारला.

"मग सुतक कोणी पाळले?"

भाचा भाषांतर करू शकला नाही. वहीतही ही बाब मोकळी राहिली आहे.

अनुक्रमांक दुसरा इस्ला दे साक्रिफिसिओस. स्पॅनिश लोक १५१८ मध्ये या लहानशा बेटावर प्रथम आले तेव्हा त्यांना नरबळीच्या खुणा आढळल्या, म्हणून हे नाव. बेटाच्या रक्षणासाठी १९८२ पासून त्यावर उतरण्याची बंदी आहे. म्हणजे हे असे एक प्रेक्षणीय स्थळ की जे पाहायला सारे जातात आणि जेथे कोणी जात नाही. नावाडी मंडळी प्रवाशांना बोटीतून बेटाचे दर्शन घडवतात आणि मग, मंडळी अगदीच रिकामी परतू नयेत म्हणून, समुद्रातल्या एका उथळ वाळवंटावर उतरवतात, ज्याला कान्कुनसितो, म्हणजे धाकटे कान्कुन, असे भारदस्त नाव आहे. तेथे पाहण्यासारखे काही नाही; तेथे उभे राहायचे असते. पायजमे दुमडून, गुडघाभर पाण्यात, चहूकडे समुद्र असताना, आपण कोठेतरी पोहोचलो आहोत अशी मुद्रा करून पन्नास-साठ माणसे उभी होती, आणि एकमेकांची छायाचित्रे घेत होती. भाऊजी वही डोक्यावर धरून त्यांच्या मधोमध उभे राहिले आणि मला चतुःसीमा सांगू लागले. "पूर्वेस समुद्र. लिही. पश्चिमेस समुद्र. दक्षिणेस समुद्र. उत्तरेस..." येथे ते वळले, आणि उत्तरेस एक होडी सरबते विकत आहे असे आढळल्याने तशी नोंद झाली. तेवढ्यात एक लाट आली. पानांवरील शाई तेव्हापासून किंचित निळसर आहे, आणि ताजमहालाच्या शेऱ्यातील "गळती आढळून आली नाही" हे शब्द आता वाचता येत नाहीत.

जुन्या तटाच्या नऊ बुरुजांपैकी सांतियागोचा बुरूज तेवढा शिल्लक आहे. आत काही प्राचीन सोन्याचे दागिने ठेवले आहेत. १९७६ च्या सुमारास एक कोळी पाण्यात बुडी मारून ऑक्टोपस शोधत असता त्याला ते सापडले; त्याने त्यांतले काही सोनाराला विकले, बोभाटा झाला, आणि सरकारने उरलेले ताब्यात घेतले. भाऊजींनी काचेपाशी उभे राहून आम्हाला आपल्याकडील गुप्तधनाचा १८७८ चा कायदा कलमवार समजावून दिला. दागिने फार सुंदर आहेत असे आक्का म्हणते. मी कलमांच्या पलीकडे काही पाहू शकलो नाही.

वास्तविक या गावात पाहायचे असते ते कॉफीगृह. ग्रान काफे दे ला पारोकिया हे येथले नामांकित, १८०८ पासूनचे म्हणवणारे; आणि तेथली रीत आता गावभरच्या कॉफीगृहांनी उचलली आहे. रीत अशी: उभ्या काचेच्या पेल्यात तळाशी बोटभर कडक काळी कॉफी येते. ती समोर ठेवून वाढपी निघून जातो. मग आपण चमच्याने पेल्यावर टणटण वाजवायचे, की दुसरा वाढपी वाफाळत्या दुधाची किटली घेऊन येतो आणि हातभर उंचीवरून दुधाची धार अशी सोडतो की थेंबही बाहेर न सांडता पेला फेसाने काठोकाठ भरावा. याला लेचेरो म्हणतात. पूर्वी कोणी ट्रामवाला ट्रामची घंटा वाजवून कॉफीची वर्दी देत असे, तो वारला तेव्हा गिऱ्हाइकांनी चमचे वाजवून त्याला मानवंदना दिली आणि तेव्हापासून ही चाल पडली, असे सांगतात. पांढरे कोट घातलेली, मिशा राखलेली वृद्ध मंडळी सकाळपासून तेथे बसलेली असतात, त्यांच्या पुढ्यात तीच वर्तमानपत्रे असतात, आणि साऱ्या दालनात टणटणाट अखंड चाललेला असतो.

आम्ही त्याच संप्रदायातल्या एका कॉफीगृहात बसलो. भाऊजींनी टणटण केले, धार आली, पेला भरला. इथवर सारे यथासांग झाले. पण भाऊजींना कॉफीत साखर चार चमचे लागते, आणि ती ते विरघळेपर्यंत, पेल्याच्या कडांना चमचा लावून, सरकारी जोमाने ढवळतात. टण! वाढपी हजर. धार. पेला बशीत उतरला. भाऊजींनी त्याच्याकडे करड्या नजरेने पाहिले, थोडी कॉफी पिऊन जागा केली, आणि फिकी झाल्यामुळे पुन्हा साखर घालून ढवळली. टण, टण! पुन्हा धार. "याला सांग, मी बोलावले नाही." भाच्याने सांगितले. वाढप्याने नम्रपणे उत्तर दिले की, साहेबांनी बोलावले, सर्वांनी ऐकले. शेजारच्या मेजावरील दोन वृद्धांनी माना हलवून पंच या नात्याने दुजोरा दिला. तिसऱ्या खेपेला पेल्यात कॉफी नावापुरती उरली होती आणि भाऊजी, अंगात मुरलेल्या सवयीने, विचारात गढून ढवळतच होते. अखेर आक्काने त्यांच्या हातातून चमचा काढून आपल्या पर्समध्ये ठेवला. तो परत करायचे आम्हाला वाटेत आठवले, आणि त्याच्या परतफेडीसाठी पुन्हा जावे लागले, तेव्हा आणखी एक पेला मागवणे सभ्यतेला धरून होते.

किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर आइसफ्रूटवाल्यांच्या दुकानांपुढे माणसे उभी राहून प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला, त्याचा वर्ण काहीही असो, "गोरे साहेब! गोऱ्या बाई!" असा पुकारा करतात. कोकणातल्या उन्हात शिवारे मोजून कातळाच्या रंगाला पोहोचलेले आमचे भाऊजी प्रथम मागे वळून कोणाला बोलावले ते पाहू लागले. हाक आपल्यालाच होती असे समजल्यावर त्यांनी तीन पेले घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भाव केला नाही.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. पंचांग आक्काने सोबत आणलेच होते. हामापा नदी समुद्राला मिळते त्या बोका देल रिओ गावी आम्ही जेवायला गेलो. आक्का, भाचा आणि मी एकादशी पाळत नसल्याने आमच्यापुढे टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर यांत शिजवलेला अखंड तांबडा मासा आला आणि मी काही काळ संभाषणातून निवृत्त झालो. भाऊजींचा प्रश्न बिकट होता. तेव्हा भाच्याने, तो स्वतः माशात गुंतल्यामुळे असेल, मालकिणीला त्यांच्याकडे पाठवले, आणि तिने त्यांच्यापुढे तोरितो नावाचे एक दुधाळ पेय आणून ठेवले.

"यात काय आहे?" भाऊजींनी विचारले.

"शेंगदाणे," भाचा म्हणाला.

"चालतात. आणखी?"

"दूध."

"चालते."

"आणि उसाचे काहीतरी."

"ऊस तर चालतोच!"

यात शास्त्राच्या दृष्टीने काही वावगे नव्हते. शेंगदाणा, बटाटा, रताळे, ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद आणि खिचडीतली मिरची, ही सारी अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली. तेव्हा आमची एकादशी एक प्रकारे माहेरी आली होती. उसाचे जे काहीतरी होते, ती उसाची दारू होती, ही बातमी मला मालकिणीकडून दुसऱ्या पेल्याच्या वेळी लागली. ती मी तिसऱ्या पेल्यापर्यंत गुप्त ठेवली. कारण इतक्या प्रसन्न मुद्रेने उपास करताना मी भाऊजींना कधीच पाहिले नव्हते, आणि शिवाय त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली होती. "उपासाने बुद्धी कशी तरतरीत होते," ते म्हणाले, आणि चौथा मागवला.

संध्याकाळी शहराच्या चौकात दान्सोन होता. हा क्यूबाहून आलेला नाच. पण क्यूबापेक्षाही याच गावाने तो जिवापाड जपला आहे. पांढरे सदरे घातलेले साठीसत्तरीचे पुरुष आणि हातात पंखे घेतलेल्या त्यांच्या बायका कमानींपुढच्या मोकळ्या जागेत जमतात. वाद्यवृंद सुरू होतो, आणि कोणी नाचत नाही. सारे जोडपी जोडपी उभे राहून गप्पा मारतात. मग ठरलेल्या ठिकाणी, मुद्दाम न पाहता, सर्व जण एकाच क्षणी नाचू लागतात. एका फरशीवर मावावीत इतकी लहान, मोजकी पावले, मान ताठ, मुद्रा निर्विकार. आणि पुन्हा तो पहिला भाग आला की सारे थबकतात, बायका पंखा घेतात, पुरुष घाम पुसतात.

"ठरावीक अंतराने विश्रांती, चेहऱ्यावर कामात असल्याचा भाव, आणि फरशी सोडायची नाही," भाऊजी पुटपुटले. "हा नाच सरकारी नोकराने बसवला आहे."

एवढे बोलून ते उठले. एका पांढऱ्या पोशाखातील वृद्धेपुढे जाऊन त्यांनी, कलेक्टरसाहेबांना करत असत तसा, कमरेतून नमस्कार केला. पुढे काय झाले ते मी पंच या नात्याने शपथेवर सांगू शकतो: भाऊजी नाचले. पावले चुकली नाहीत. थांबायच्या जागी तर ते इतरांपेक्षा क्षणभर आधीच थांबत होते. वाद्यवृंदाच्या म्होरक्याने तेथील प्रघाताप्रमाणे पुढला दान्सोन भारतातून आलेल्या पाहुण्यांना अर्पण केल्याचे पुकारले, तेव्हा भाऊजींनी हात वर करून तो स्वीकारला. मी आक्काकडे पाहिले. ती बोलली नाही. तिचा फोन तिने दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला होता आणि तो जराही हलत नव्हता. इतकी वर्षे टेपचे टोक धरण्याचा सराव तेथे कामी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी उशिरा उठले, डोके दुखते ते उपासाच्या पित्ताने असे म्हणाले, आणि पुएब्लाकडे परतताना मोटारीत वही पुरी करायला बसले. अनुक्रमांक पाचवा मत्स्यालयाचा होता. १९९२ मध्ये उघडलेले हे मत्स्यालय मोठे आहे, तेथे शार्क आहेत, आणि घरी गेल्यावर शेजारचे गृहस्थ चष्मा पुसत नेमके त्यांच्याविषयीच विचारणार, हे उघड होते. भाऊजींनी पेन उचलले आणि लिहिले: "मत्स्यालय पाहिले. मासे सुस्थितीत."

"बाबा, आपण आत गेलोच नाही," भाचा म्हणाला.

"मोटारीतून दर्शनी बाजू पाहिली. बाह्य पाहणी ग्राह्य धरण्याचा प्रघात आहे." आणि वही सहीसाठी माझ्यापुढे आली. मी सही केली. हंपीच्या विहिरीची आठवण कोणाला नसते?

मग ती आक्काकडे गेली. तिने नोंद वाचली, पेन हातात घेतले, आणि शांतपणे विचारले, "अहो, पाहिल्याची वेळ संध्याकाळी सात लिहिली आहे. सातला तुम्ही कोठे होतात, ते माझ्या फोनमध्ये आहे. आवाजासकट."

मोटार बराच वेळ घाट चढत होती. मग भाऊजींनी वही परत घेतली, मत्स्यालयाच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली, आणि खाडाखोड केलेल्या प्रत्येक शब्दाच्या बाजूला, नियमाप्रमाणे, आपली आद्याक्षरे घातली.